डोळे बांधण्याआधी

गडहिंग्लज,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सोहम यास,
आत्याकडून.

तुझा मेसेज मिळाला. मोबाईलवर उत्तर देता आलं असतं, पण तू विचारलंयस ते दोन ओळींत मावणारं नाही. शिवाय हे पत्र दादानं आणि वहिनीनंही वाचावं असं मला वाटतं. प्लेस्टेशनला जोडायचा व्हीआर हेडसेट घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कशी करावी, हा तुझा प्रश्न. दादाचं म्हणणं, पैसेही जातील आणि डोळेही. तुझं म्हणणं, निखिलचा हेडसेट गडहिंग्लजला नुसता पडून आहे, मग आपल्याकडेच का नको? तो पडून वगैरे काही नाही, हे आधी सांगते. आमचा निखिल नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून हेडसेट माझ्या ताब्यात आहे. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाईच्या घरात डोळ्यांना आणि कानांना फसवणारं यंत्र आल्यावर ती स्वस्थ बसेल का?

पैशांचा विषय आधी संपवू. तुमच्याकडे पीएस-५ आहे. त्याला चालतो तो प्लेस्टेशन व्हीआर-२. जगात तो फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात, आणि तेव्हा त्याची किंमत होती ५७,९९९ रुपये. पीएस-५ भारतात २०२१ साली आला तो ४९,९९० ला. म्हणजे जोडायची वस्तू मूळ यंत्रापेक्षा महाग! आजचा भाव दुकानात विचारून घे. कुणी स्वस्तात जुना हेडसेट देऊ केला, तर तो कुठला आहे ते नीट बघ. २०१६ साली पीएस-४ साठी निघालेला पहिला हेडसेट वेगळा. तो कॅमेऱ्याचा अॅडाप्टर लावून पीएस-५ ला जोडता येतो, पण दोघांचे खेळ वेगळे. जुन्याचे खेळ नव्यावर चालत नाहीत आणि नव्याचे जुन्यावर नाहीत.

आता यंत्र काय करतं ते. वजन ५६० ग्रॅम. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळा पडदा, २००० बाय २०४० ठिपक्यांचा. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो. हे इंग्लंडच्या व्हीटस्टननं १८३८ मध्येच आरसे लावून दाखवून दिलं होतं. बाहेरच्या बाजूला चार कॅमेरे असतात, ते खोलीकडे बघत बसतात आणि तू मान किती वळवलीस हे सतत मोजतात. आतले कॅमेरे तुझ्या बुबुळांवर नजर ठेवतात. ते कशासाठी? हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धर. नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला खरं लख्ख दिसतं, बाकीचं सगळं पुसट असतं. आपली नजर भिरभिरत असते म्हणून ते जाणवत नाही. यंत्राला हे ठाऊक आहे. तू जिथे बघतोस तिथेच ते चित्र बारकाईनं काढतं आणि कडेला हात राखून काम करतं. मला यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

डोळे फसले की अंग त्यांच्यामागे जातं, ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलवून दाखवायला १८९२ मध्ये सुरुवात केली. त्या खेळाचं नाव शांबरिक खरोलिका. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि तो प्रसंग कापावा लागला. मूकपट, रंग नाहीत, समोर सपाट पडदा, तरी ही तऱ्हा. पण त्या प्रेक्षकांना एक सोय होती. भीती वाटली की मान फिरवायची, शेजारी बायको-पोरं दिसायची आणि माणूस पुन्हा कोल्हापुरात. अमेरिकेत आयव्हन सदरलंडनं १९६८ मध्ये छताला टांगलेलं एक अवजड यंत्र डोक्याला लावून मानेबरोबर चित्रही फिरवून दाखवलं आणि ती सोय गेली. आता मान फिरवली तरी आपण कीचकाच्याच जगात.

व्हीआरमध्ये मळमळ होते तीही डोळ्यांच्या या फसवणुकीतूनच. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं फिरलं की त्यांतलं पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. गेममध्ये कंट्रोलरची काडी पुढे ढकलून तू पळायला लागलास की डोळे म्हणतात धावतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलायस. मेंदूला दोन साक्षी मिळतात आणि पोट बिघडतं. लहानपणी आजऱ्यावरून आंबोलीला जाताना एसटीत पुस्तक वाचायचा हट्ट करायचास, आठवतं? तिथे नेमकं उलट होतं. कानाला वळणं कळत होती आणि डोळ्यांपुढचं पान मात्र स्थिर होतं. त्याच वळणांवर ड्रायव्हरला काही होत नाही, कारण गाडी कधी वळणार हे त्याला आधीच माहीत असतं.

म्हणून पहिल्या दिवशी ग्रॅन टुरिस्मो-७ लावू नकोस. तुमच्याकडे ती आहे, व्हीआरसाठी वेगळे पैसेही पडत नाहीत, त्यामुळे हात शिवशिवणार हे मी जाणते. पण गाडीचा वेग पोटाला सगळ्यात उशिरा पचतो. सुरुवात अशा खेळांपासून कर जिथे तू आहेस तिथेच उभा राहतोस आणि वस्तू तुझ्याकडे येतात. बीट सेबर घे, त्यात गाण्याच्या तालावर समोरून येणारे ठोकळे कापायचे असतात. किंवा टेट्रिस इफेक्ट. त्यानंतर मॉस, त्यात तू जागचा हलत नाहीस, छोट्या उंदरीला चालवतोस. मग असे खेळ घे ज्यांत एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम उडी घेता येते. सलग चालणं-पळणं त्याच्याही नंतर. बऱ्याच खेळांच्या सेटिंगमध्ये वळण्याचे दोन प्रकार असतात, सलग आणि टप्प्याटप्प्यानं. टप्प्याचा निवड. हलताना चित्राच्या कडा काळ्या करायची सोय असेल तर तीही चालू ठेव. समोर टेबलफॅन लाव. वारा कुठून येतो यावरून अंगाला खोलीची दिशा कळत राहते आणि घामानं भिंगांवर वाफही धरत नाही.

जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, कपाळाला गार घाम आला की त्याच क्षणी हेडसेट काढ. ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही. रेटलं की सवय होत नाही, नावड बसते. मग हेडसेट नुसता हातात घेतला तरी पोट आठवण करून देतं. थोडं खेळायचं, बरं वाटत असतानाच थांबायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी.

दादाच्या डोळ्यांच्या काळजीबद्दल. आतली भिंगं तुझ्या बुबुळांसमोर नेमकी आली नाहीत तर चित्र भुरकट दिसतं आणि डोकं धरतं. हेडसेटच्या कडेला एक फिरकी आहे, ती फिरवून दोन भिंगांतलं अंतर जुळव. यंत्र पडद्यावर तुझे डोळे कुठे आहेत ते दाखवतं, त्यावरून ताडता येतं. चष्मा घालून खेळता येतं, पण काच भिंगाला टेकू देऊ नकोस, दोन्हींना ओरखडे पडतात. दुसरं असं, की आत जवळची वस्तू असो की लांबचा डोंगर, पडदा असतो तेवढ्याच अंतरावर. डोळे आत-बाहेर वळत राहतात पण त्यांचं फोकस बदलत नाही, म्हणून थकवा येतो. अधूनमधून गॅलरीत जाऊन लांबचं बघ. धाकट्या चिमीला मात्र हेडसेट द्यायचा नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तो नाही, हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. तिनं कितीही भोकाड पसरलं तरी नाही.

आणि वहिनीला सांग, हेडसेट खिडकीत ठेवायचा नाही. भिंगातून ऊन आत गेलं की आतला पडदा जळतो. शाळेत भिंगानं कागद पेटवून दाखवायचे, तेच हे. पुसायला चष्म्याचं मऊ फडकं, ओलं काही नको.

आता जागा. बसून किंवा एका जागी उभं राहून खेळायला एक मीटर लांब-रुंद जागा पुरते. चालत-फिरत खेळायचं तर निदान दोन बाय दोन मीटर मोकळी हवी. इथे माझ्या सोप्यात ती आहे. तुमच्या पुण्याच्या हॉलमध्ये टीपॉय उचलल्याशिवाय होणार नाही. सुरुवातीला यंत्र खोलीभर नजर फिरवायला सांगतं आणि खेळायच्या जागेची हद्द आखतं. ती हातानं कमी-जास्त करता येते. काठाजवळ गेलास की डोळ्यांपुढे जाळी दिसते. हेडसेटखालचं बटण दाबलं की बाहेरची खोली काळी-पांढरी दिसते. अंधारात कॅमेऱ्यांना काही कळत नाही, दिवा चालू ठेव. मोठा आरसा समोर असेल तर त्यावर चादर टाक. साडेचार मीटरची वायर असते, ती पाठीवरून मागे सोड. कंट्रोलरचे पट्टे मनगटात घातल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, नाहीतर टीव्ही गेलाच म्हणून समज. पंखा किती खाली आहे तेही हात वर करून पाहून ठेव. आमच्याकडे लाईट जाते, म्हणून मी इन्व्हर्टर यूपीएसच्या मोडवर ठेवते, म्हणजे मध्येच यंत्र बंद पडत नाही.

एवढं सगळं पुस्तकातही सापडेल. मला सांगायचंय ते पुढे आहे.

डोळे बांधलेल्या माणसाला बाहेर कुणीतरी लागतं. आंधळी कोशिंबीर एकट्यानं खेळता येते का? ज्याचे डोळे बांधले तो एकच असतो, पण टपली मारणारे, ‘अरे भिंत, भिंत!’ म्हणून ओरडणारे, दाराची कडी लावून ठेवणारे, सगळेच खेळात असतात. इथेही तसंच आहे, पण हेडसेट विकणारे हे सांगत नाहीत. जाहिरातीत एकटाच पोरगा असतो, पांढऱ्या भिंतीच्या खोलीत, हसत. आपल्या घरांत अशा खोल्या नाहीत. आपल्याकडे मधूनच कुणीतरी चहाचा कप घेऊन जातं, लहान मूल पायात येतं, दारात दूधवाला हाक मारतो. तू त्या वेळी तलवार फिरवत असणार.

खेळ बनवणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. पहिल्या हेडसेटबरोबर २०१६ मध्ये प्लेरूम व्हीआर नावाचा फुकट खेळ आला होता. त्यात एकजण हेडसेट घालून मांजर व्हायचा आणि बाकीचे टीव्हीकडे बघत साधे कंट्रोलर घेऊन उंदीर. त्याच काळातला दुसरा एक खेळ, कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. हेडसेटवाल्याला बॉम्ब दिसतो पण तो निकामी कसा करायचा हे माहीत नसतं. बाहेरच्यांच्या हातात माहितीपुस्तक असतं पण त्यांना बॉम्ब दिसत नाही. ओरडून-ओरडून एकमेकांना सांगायचं. नव्या हेडसेटवरही आतल्याला जे दिसतं ते टीव्हीवर सगळ्यांना दिसतं. ते बंद करून ठेवू नकोस.

आजी सध्या माझ्याकडेच आहे. तिला हात असलेल्या खुर्चीत बसवून मी कायाक व्हीआर लावून दिला. समुद्रात होडी वल्हवायचा खेळ आहे, अंटार्क्टिकाचा बर्फही आहे त्यात. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी होते. ती वल्हं मारायचं सोडून खाली वाकून पाण्यात हात घालायला लागली. म्हणाली, “पाणी दिसतंय गं, पण हाताला लागंना. आणि एवढं निवळ? हिरण्यकेशीचं नव्हं हे.” शेजारच्या पोरी टीव्हीकडे बघून हसून बेजार. मग प्रत्येकीनं आजीला वाट दाखवायला सुरुवात केली, डावीकडं, उजवीकडं, बर्फावर आपटशील! खेळली आजी, पण संध्याकाळ सगळ्यांची झाली.

गडहिंग्लजच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर फुटबॉलचे सामने असले की गाव लोटतं. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नसतो, पण पास कुणाला द्यायचा होता हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बघणं हाही आपल्याकडे खेळच आहे. तू मात्र मैदान सोडू नकोस. व्हीआर खेळून घाम येतो, पण धक्का कुणी मारत नाही आणि पाय कुणी घालत नाही.

तेव्हा माझं मत असं. दिवाळीला सगळे इकडेच या. आठवडाभर माझ्याकडचा हेडसेट वापर. पोट काय म्हणतं, डोकं धरतं का, दोन दिवसांनी पुन्हा हात त्याकडे वळतो का, हे इथेच कळेल आणि त्याला पैसे पडणार नाहीत. दादालाही एकदा घालायला लाव, मग त्याचं मत विचार. येताना चष्मा आण, आणि तुझे जुने फुटबॉलचे बूट आणलेस तर मैदानावरही जाता येईल.

त्यानंतरही घ्यायचं ठरलं तर पुण्याच्या घरात तू हेडसेट घालशील तेव्हा बाहेर कोण बसणार, हे घरात बसून ठरवा. वहिनीवर ढकलू नकोस, तिला आधीच पुरेशी कामं आहेत. चिमी हद्दीबाहेर पाटावर बसून राखण करायला तयार असेल तर तिला पगार ठरव, आणि तो दर आठवड्याला देशील असं लिहून पाठव. कागदावर दोघांच्या सह्या दिसल्या की पैशांचं मी दादाशी बोलते.

तुझी,
आत्या