नळ, टाकी आणि शाळेचे इंटरनेट

शाळेच्या प्रत्येक वर्गात इंटरनेट पोचवायचे ठरले, तेव्हा विश्वस्त मंडळाने आम्हां काही माजी विद्यार्थ्यांकडे आराखडा मागितला. 'प्रॉक्सी कॅश' बसवावी का, या प्रश्नावर आमच्यातच दोन तट पडले. विषय मुलांचा आहे, म्हणून तो सर्वांपुढे मांडत आहोत.

कॉलेजातल्या मुलांना प्रॉक्सी म्हणजे मित्राची खोटी हजेरी एवढेच ठाऊक! इथेही अर्थ जवळचाच आहे. आपल्या वतीने दुसरा जातो आणि हवे ते पान आणतो. आणलेले पान तो जपूनही ठेवतो, ती झाली कॅश. इंदूरकरांना हे सांगणे सोपे आहे. १९७८ पासून आपल्याकडे सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी येते. म्हणून काही कोणी घागर घेऊन नर्मदेवर जात नाही. मोहल्ल्यात टाकी असते. फरक इतकाच की टाकीतले पाणी संपते, पान संपत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ किलोबिट प्रतिसेकंद ठरला होता. त्या वेगाने एक मेगाबाइटचा नकाशा यायला सुमारे ३२ सेकंद लागतात. वर्गातल्या ४० मुलांनी तोच उघडला तर २१ मिनिटे, म्हणजे तास संपत आला. कॅश असेल तर नकाशा बाहेरून एकदाच येतो. याच गरजेतून १९९६ मध्ये 'स्क्विड' हे मोफत सॉफ्टवेअर आले आणि जगभरच्या विद्यापीठांत पोचले.

मोठ्या जाळ्यासाठी कॅश आखताना आधी मोजणी करावी लागते, तीही सर्वांत गर्दीच्या तासाची. बडा गणपतीला चतुर्थीचा बंदोबस्त कोणी एरवीच्या दुपारवरून ठरवत नाही! दुसरी गोष्ट मेमरी. डिस्कवर काय कुठे आहे याची यादी स्क्विड मेमरीत ठेवतो. त्यासाठी दर गीगाबाइटमागे साधारण १० ते १४ मेगाबाइट धरतात. नुसती डिस्क मोठी घेऊन भागत नाही. तिसरी गोष्ट, यंत्र एकच असेल आणि ते बंद पडले, तर सारी शाळा बंद. म्हणून यंत्रे दोन हवीत.

इथपर्यंत आमचे एकमत होते. पण आज बहुतेक पाने बंद पाकिटातून, म्हणजे सांकेतिक रूपात येतात. पाकीट कोणत्या पत्त्यावरून आले ते प्रॉक्सीला कळते, आतले दिसत नाही. म्हणून ते जपून ठेवून दुसऱ्याला देताही येत नाही. शाळेच्या संगणकांवर आपले प्रमाणपत्र बसवून प्रत्येक पाकीट फोडण्याची सोय आहे. काहींचे म्हणणे पडले की फोडावे. वेग वाढेल आणि मुले काय पाहतात तेही कळेल. काळजी खरी आहे. पण त्याच पाकिटांत शिक्षकांचे पासवर्ड असतात, आणि एखाद्या मुलीने कोणाला न सांगता विचारलेला आजाराचा प्रश्नही असतो. पोस्टमनने पत्रे वाचू नयेत, हे आपण मुलांना कोणत्या तोंडाने शिकवणार?

बऱ्याच चर्चेनंतर आम्ही असे सुचवले आहे: पाकिटे फोडू नयेत. कॅश लहानच ठेवावी, संगणकांच्या अपडेटपुरती. 'किविक्स' या मोफत सॉफ्टवेअरने विकिपीडियाची प्रत शाळेतच ठेवावी. लाइन बंद असली तरी ती वाचता येईल. मोठ्या यंत्राचे वाचलेले पैसे चांगल्या लाइनसाठी वापरावेत. अयोग्य संकेतस्थळे पत्त्यावरूनच रोखावीत. कोण कुठे गेले याची नोंद थोडेच दिवस ठेवावी, आणि ती कोण पाहू शकतो हे मुलांना आधीच सांगावे.

निर्णय विश्वस्तांचा आहे. पण मुले आपली आहेत, तेव्हा पालकांनी पुढच्या सभेत आपले मत जरूर मांडावे. विरोधी असले तरी आम्हांला ते हवेच आहे.