रेटावं, तासू नये

सैन्याच्या काडतुसाची रिकामी पुंगळी उलटी धरली की बुडाच्या मधोमध प्रायमरची टोपी दिसते. बंदुकीची पिन आदळते ती हिच्यावर. नीट पाहिलं तर टोपीभोवती एक बारीक कंगोरा असतो. कधी सलग गोल, कधी तीन-चार ठिकाणी टोचे मारल्यासारखा. टोपी निसटू नये म्हणून कारखान्यात ती बसते त्या खळग्याच्या तोंडाचं पितळ तिच्यावर दाबलेलं असतं. त्याला क्रिंप म्हणतात. भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीत सुटलेली टोपी यंत्रात अडकली तर बंदूक ऐन मोक्याला बंद पडायची. ही पुंगळी पुढे कुणी पुन्हा भरेल, याच्याशी सैन्याला काही घेणंदेणं नाही. ते माझ्यासारख्यांचं खूळ.

मी मिसुरीत राहतो. इथल्याच इंडिपेंडन्स गावात लेक सिटीचा दारूगोळा कारखाना १९४१पासून आहे. माझ्या बादलीतल्या बहुतेक पुंगळ्यांच्या बुडावर त्याची ‘एलसी’ ही अक्षरं, सालाचे शेवटचे दोन आकडे आणि वर्तुळातली नाटोची फुली असते. भारतात घरी काडतुसं भरायची तर १९५९चा शस्त्र कायदा आडवा येतो, परवान्याशिवाय हात लावायची सोय नाही. इथे मात्र नेमबाजांच्या तळघरांतून हे सर्रास चालतं.

आधी जुनी टोपी पाडायची. त्याआधी विजेरीने पुंगळीच्या आत डोकावावं. मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची. दोन बारीक भोकं असतील तर बर्डनची, आणि तिच्यात टोपी पाडायच्या माझ्या यंत्राची पिन मोडलीच म्हणून समजा. गंमत अशी, की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डन अमेरिकन. दोघांच्याही टोप्या १८६६च्या. पण अमेरिकेने इंग्रजाची उचलली आणि युरोपात अमेरिकनाची रुजली.

मग धुणं. टोपीच्या मसाल्यात शिसं असतं, त्यामुळे कोरड्या धुरळ्यापेक्षा पाणी बरं. साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक सुया घालून पिंप फिरवत ठेवायचं. आई इथे आली होती तेव्हा हे बघून म्हणाली, “अरे, त्यापेक्षा चिंच लाव की!” तत्त्व तिचंही तेच, आंबटाने पितळ उजळतं.

आता कंगोरा. तो तसाच ठेवून नवी टोपी बसवायला गेलं तर तिची कड चेमटते, किंवा ती वर उचललेली राहते. ती बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसायला हवी. वर राहिलेली टोपी बंदुकीचा बोल्ट मिटताना आपोआप फुटू शकते.

कंगोरा घालवायच्या रीती दोन. कापायचा, नाहीतर रेटायचा. ड्रिलला रीमर लावला की काम झटपट होतं, म्हणून बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. हात जरा जड पडला की खळग्याचं तोंड फनेलसारखं पसरतं, टोपीच्या कडेचा आधार जातो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. .२२३ रेमिंग्टन या काडतुसात दाब दर चौरस इंचाला ५५,००० पौंडांपर्यंत चढतो. एवढा दाब फट शोधतोच. टोपीशेजारून निसटलेला गरम वायू बोल्टच्या तोंडावर बारीक खड्डे पाडतो.

रेटण्याच्या यंत्रात पोलादी दांडा पुंगळीच्या तोंडातून आत जाऊन बुडाला आतून टेकतो. समोरून खळग्याच्याच मापाचा, जेमतेम साडेचार मिलिमीटरचा कडक दट्ट्या तरफेने आत शिरतो. पितळ कुठे जात नाही, बाजूला सरकतं. तरफ खाली आणताना आधी अडल्यासारखं होतं, मग एकदम वाट मिळते. दट्ट्या बाहेर आला की कड गुळगुळीत गोल झालेली असते. नखाने चाचपली तरी काही लागत नाही.

हे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून कडक झालेलं भांडं भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. पुंगळीची मान तशीच तापवतात. बूड कधीच तापवायचं नाही. त्याचा कडकपणा हाच टोपीला धरून ठेवणारा. म्हणून तर रेटताना आतून दांड्याचा आधार लागतो.

दांड्याची उंची जुळवणं हेच खरं काम. प्रत्येक कारखान्याच्या बुडाची जाडी वेगळी. जाड बुडाची पुंगळी आली की दट्ट्या जास्त खोल घुसून अडकतो, पातळ आली की कंगोरा अर्धवट राहतो. सगळ्या एकाच मापावर काढायचा आळस बरेच जण करतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात. मी आधी शिक्के बघून ढीग लावतो, एका ढिगासाठी दांडा एकदा जुळवतो.

हे एका पुंगळीच्या आयुष्यात एकदाच करावं लागतं. पुढच्या भरणीला तिचा खळगा तयारच असतो. पण दर बाराला तो थोडा सैलावत जातो, आणि ते सर्वांत आधी टोपी बसवणाऱ्या अंगठ्याला कळतं. नेहमीचा विरोध न लागता टोपी सुळकन आत गेली, की पुंगळी भरायची नाही. टोपी हळूच पाडून घेतो, पुंगळीचं तोंड पकडीने चेपतो आणि ती मोडीच्या डब्यात टाकतो. चेपायचं एवढ्यासाठी, की चुकून पुन्हा चांगल्या ढिगात जायला नको.