उतरणीचा अभ्यास

आदिलाबादचे पठार आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीचे माणिकगड डोंगर यांच्यामधून आज दोन राज्यांची सीमा जात असली, तरी सागाचे जंगल, कापसाची शेते आणि एकाच बाजारात गोंडी, कोलामी, मराठी व तेलुगू बोलणारी माणसे ती सीमा फारशी मानत नाहीत. पौष अमावास्येला इंद्रवेल्ली मंडळातील केस्लापुरात नागोबाची जत्रा भरते. तिच्याआधी गोंडांच्या मेश्राम कुळातील माणसे अनवाणी गोदावरीपर्यंत जातात आणि देवाच्या अभिषेकाचे पाणी घेऊन तेवढीच वाट पुन्हा तुडवतात. परतीची वाट हाही तिथे व्रताचाच भाग असतो.

सीमेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील बोर्डा, देवाडा आणि जिवती येथील आश्रमशाळांमधून, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांमधून, ‘मिशन शौर्य’ या मोहिमेसाठी दहा विद्यार्थी एव्हरेस्टकडे निघाले. त्याआधी, २५ मे २०१४ रोजी, आदिलाबादच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा ही निवासी शाळेची विद्यार्थिनी वयाच्या चौदाव्या वर्षी तेच शिखर सर करून आली होती.

अशा मोहिमेतली खरी कसोटी कड्यावर नसून हवेत असते, कारण शिखरावरील हवेत समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू जेमतेम एक तृतीयांश मिळतो आणि शरीराला ती उणीव सोसण्याची सवय हळूहळूच लावावी लागते. त्यासाठी गिर्यारोहक दिवसा उंच चढतात, झोपायला खाली उतरतात आणि कष्टाने मिळवलेली तीच उंची पुन्हा चढतात; दरम्यान रक्तातील तांबड्या पेशी वाढत जातात. धावपटूला मागे येणे ठाऊक नसते, पण या खेळात ते रोजच्या सरावातच गुंफलेले असते, आणि जिद्द या शब्दाचा अर्थ इथे जितका शांत व खोल होतो तितका क्वचितच दुसऱ्या मैदानावर होत असेल. आठ हजार मीटरच्या वरच्या पट्ट्याला गिर्यारोहक मृत्युक्षेत्र म्हणतात. तिथले अनेक बळी शिखर गाठून झाल्यावर, उतरणीवर गेलेले आहेत.

मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम शिखरावर पोहोचले, तर उरलेल्या पाच जणांना शिखराविना परतावे लागले. साहजिकच गौरव पहिल्या पाचांचा झाला आणि तो रास्तच होता. तरीही या मोहिमेचा हिशेब पाचावर थांबवणे अपुरे वाटते, कारण विरळ हवेशी झुंजणारे दहा जण होते आणि पुढे न जाण्याचा निर्णय पाळायलाही कोवळ्या वयात मोठे बळ लागते. दहाही जण आपल्या डोंगरांत परत आले, जिथे चढ काहीशे मीटरांचेच आहेत आणि श्वास मोजून घ्यावा लागत नाही.