दप्तरातील कागद

शाळेत आरोग्य तपासणी होते, तो दिवस तुम्हाला आवडत असेल. गणिताचा तास बुडतो. वजनकाट्यावर उभे राहताना हसू येते, डॉक्टरांना दात दाखवताना लाज वाटते. संध्याकाळपर्यंत तुम्ही सारे विसरूनही जाता. पण त्या दिवशी एक कागद तुमच्या दप्तरात येतो. आज मला त्या कागदाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

मुलांची तपासणी शाळेतच करावी, ही कल्पना जुनी आहे. 1909 साली बडोदा शहरात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील ती पहिली मानली जाते. त्या वेळी तेथे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. त्यांचे जन्मगाव कवळाणे आमच्या मालेगावच्या जवळच आहे. पुढे फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. जन्मजात व्यंग, शरीरातील कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी ते पाहते. काही दोष आढळला, तर मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. तेथे उपचार मोफत होतात.

तुम्ही म्हणाल, "मग अडचण कोठे आहे?" अडचण त्या कागदापाशीच आहे.

मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. पुस्तक हातात घेऊन ती छान वाचायची. पण फळ्यावरून उतरवून घेताना 'घर'चे 'धर' व्हायचे आणि 'भात'चा 'मात' व्हायचा. तपासणीच्या दिवशी वीस फुटांवरचा तक्ता तिला वाचता आला नाही. तिच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले, 'दृष्टिदोष. संदर्भित.'

तीन आठवडे झाले, तरी तो कागद तिच्या दप्तरातच होता. मी विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, संदर्भ तर परीक्षेत विचारतात ना? 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या.' याचा अर्थ घरी कुणालाच सांगता आला नाही."

मित्रांनो, तिचे म्हणणे अगदी खरे होते. तो शब्द तिने फक्त प्रश्नपत्रिकेत पाहिला होता. मी तिला सांगितले, "येथे 'संदर्भित' म्हणजे पुढील तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवले." तिने कागदाच्या मागे ते उर्दूत लिहून घेतले. पण तिचा चेहरा काही खुलला नाही. तिचे अब्बू यंत्रमागावर काम करत. एक दिवस खाडा झाला, की त्या दिवसाची मजुरी बुडणार. दवाखाना मोफत असला, तरी तेथे जाण्याचा दिवस मोफत नसतो, हे तिला घरातूनच ठाऊक होते.

वाट काढली ती तिच्या दादीने. कागदाचा अर्थ कळताच दादी म्हणाली, "जुम्म्याला माग बंद असतात. सरकारी दवाखाना तर चालू असतो!" शेजारच्या एक खाला म्हणाल्या, "एवढ्याशा मुलीला चष्मा? लोक काय म्हणतील?" दादीने उत्तर दिले, "डोळे हिला वापरायचे आहेत, लोकांना नाही." त्याच शुक्रवारी अब्बू मुलीला घेऊन गेले. काही दिवसांनी ती चष्मा लावून वर्गात आली आणि पहिल्या बाकावरून उठून मागच्या बाकावर, आपल्या मैत्रिणीजवळ जाऊन बसली.

शाळेतून येणारे कागद अनेक प्रकारचे असतात. कधी जंतनाशक गोळीची सूचना असते. ही गोळी चावून खायची असते. कधी लोहाच्या निळ्या गोळीची सूचना असते. ती आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यायची असते. तिने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टी. डी. लस देतात. ती धनुर्वात आणि घटसर्प या रोगांपासून रक्षण करते. कधी पालकांची संमती मागितलेली असते. कधी पूर्वीचे आजार विचारलेले असतात. दमा असेल, फेफरे येत असेल, एखादे औषध सोसत नसेल, तर ते खरे खरे लिहावे. त्यात लाज नाही. डॉक्टरांना ते कळले नाही, तर धोका मात्र तुम्हालाच आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. तेव्हा मोबाइलवरून नाना अफवा पसरल्या. काही पालक घाबरले. आपल्या मुलाविषयी काळजी वाटणे आणि प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण तो प्रश्न डॉक्टरांना विचारावा. जे पालक शाळेत येऊन विचारत, ते शंका मिटवून परत जात.

आता तुमचे काम सांगतो. पुष्कळ घरांत अम्मी-अब्बू उर्दू उत्तम वाचतात. पण शाळेचा कागद मराठीत असतो. अशा वेळी घरातील मराठी वाचणारे तुम्हीच असता. म्हणून कागद मिळाला, की त्याच दिवशी तो घरी दाखवा. फक्त "येथे सही करा" असे म्हणू नका. प्रत्येक ओळ वाचून तिचा अर्थ उर्दूत सांगा. तारीख आणि दवाखान्याचे नाव नीट सांगा. एखादा शब्द अडला, तर अंदाजाने अर्थ लावू नका. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारा.

मराठीच्या तासाला तुम्ही शब्दार्थ पाठ करता, ते गुणांसाठी. ते शब्द घरी उपयोगी पडतील, तेव्हा त्यांचे गुण कोणी देणार नाही. पण तुमच्या धाकट्या भावाचा दुखणारा कान वेळेवर बरा होईल, बहिणीला फळा स्पष्ट दिसेल. आज घरी गेल्यावर दप्तर एकदा नीट पाहा. तळाशी एखादा घडी घातलेला कागद राहिला असेल, तर तो बाहेर काढा आणि मोठ्याने वाचा.