इंडियानापोलिसचा बँड

अमेरिकेतलं इंडियानापोलिस बँडवेड्यांच्या तोंडी असतं ते ड्रम कोअरमुळे. १९७२ साली व्हाइटवॉटरला सुरू झालेली ही अजिंक्यपद स्पर्धा २००९ पासून इथल्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये भरू लागली. आपल्या लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट इथे नाही. पितळी वाद्यं, ढोल नि निशाणं. बाराएक मिनिटांच्या कवायतीसाठी बाविशीपर्यंतची मुलंमुली उन्हाळाभर राबतात, वर पदरचे हजारो डॉलर भरतात. मग आयांना त्याचा व्हिडिओ हवाच!

पण तो महाग. गिऱ्हाइकं थोडी, आणि सुरावट चित्राला जोडायची तर तिच्या मालकाची वेगळी परवानगी, वेगळा मोबदला. त्याने नकार दिला की तेवढा भाग मुका! नुसत्या ध्वनिमुद्रणाला ही कटकट कमी. ठरीव दराने पैसे भरले की झालं. मला विचाराल तर किंमत रास्तच, पण मुका व्हिडिओ पूर्ण दामाने विकू नये.