अफवा, आज्जी आणि नारंगी जर्सी

"जत्या, ऊठ! तुझा क्लब परत पळाला!"

ऑक्टोबर 2025. रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती, त्यामुळे अर्थातच कोणी अभ्यास करत नव्हतं. माझ्या कोल्हापूरच्या रूम पार्टनरने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. हैदराबाद एफसी आता हैदराबाद सोडून दिल्लीला चालला होता आणि त्याचं नवं नाव होतं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. अख्खी विंग हसली. कारण हैदराबादचा हा क्लब 2019 मध्ये पुण्याच्या क्लबची जागा घेऊन आला होता आणि पुण्याचा क्लब माझा होता, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ आहे.

आता जतच्या पोराचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. आमच्याकडे प्रसिद्ध काय, तर दुष्काळ, यल्लम्मादेवीची यात्रा आणि माडग्याळची मेंढरं. शाळेत पी.टी.च्या तासाला एकच फुटबॉल मिळायचा, त्यातही हवा नसायची. पण मार्च 2018 मध्ये, आठवीत असताना, मी पुण्याला मामाकडे गेलो होतो. रंगपंचमी नुकतीच झाली होती, कानामागचा रंग अजून निघाला नव्हता. मामा म्हणाला, "चल, तुला खरी मॅच दाखवतो."

बालेवाडी स्टेडियम. आयएसएलची सेमीफायनल, एफसी पुणे सिटी विरुद्ध बेंगळुरू. एवढे दिवे मी जन्मात एका जागी पाहिले नव्हते. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं! मॅच शून्य-शून्य सुटली. एकही गोल झाला नाही, तरी मी घसा बसेपर्यंत ओरडलो. मामानं बाहेरून एक नारंगी जर्सी घेऊन दिली, साईज दोन नंबर मोठी, "वाढत्या अंगाची" म्हणून. पुढच्या रविवारी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल ठोकले, आपण 3-1 हरलो आणि मी जेवलो नाही. आज्जीला वाटलं पोराला ताप आला.

त्यानंतर मी पेपरात मागच्या पानावरून वाचायला सुरुवात केली. आणि तेव्हापासूनच कुजबूज कानावर यायला लागली. पुणे सिटीत पाच हंगामांत कुठल्याच कोचला दुसरा हंगाम सुरू करायला मिळाला नाही. कोलंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल. शेवटचे तर तीन मॅच झाल्यावर गेले. मग काही दिवस प्रद्युम रेड्डी, मग इंग्लंडचे फिल ब्राऊन. 2019 च्या उन्हाळ्यात बोललं जायला लागलं, की आत पैशाची ओढाताण आहे, मालक विकायला निघालेत, क्लब दुसऱ्या गावाला जाणार. मामा फोनवर म्हणाला, "काहीतरी शिजतंय बघ." मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, मामा, पेपरवाल्यांना काय उद्योग नाही.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात दुसरी कुजबूज चालू होती, एका पतसंस्थेबद्दल. (नाव सांगत नाही.) आज्जीचे दोन म्हशी विकून आलेले 80 हजार तिथं ठेवले होते. पारावर चर्चा असायची, की पैसे काढायला गेलं की "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात. आमचे अण्णा म्हणजे सरळ माणूस. ते म्हणायचे, "अफवेच्या मागं लागून सगळ्यांनी पैसे काढले, तर चांगली संस्थापण बुडंल." हे म्हणणं चूक नव्हतं, हे मला आजही वाटतं. मग एक दिवस कळलं, की तिथल्या शिपायानं स्वतःची ठेव मोडली. अण्णा म्हणाले, "पोरीचं लग्न असंल त्याच्या." त्याला पोरगी नव्हती, दोन्ही पोरंच होती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोललं नाही.

27 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं: पुण्याच्या जागी आता हैदराबाद, नवे मालक. मार्सेलिन्यो आणि फिल ब्राऊनसुद्धा तिकडेच गेले. दिवाळीच्या आधी पतसंस्थेचं शटरही खाली आलं. एकाच वर्षी घरातले दोघं बुडाले. फरक एवढाच, की माझं फक्त मन गेलं, आज्जीचे म्हशींचे पैसे गेले.

खरं सांगू? पुढं इंजिनिअरिंगला आल्यावर या हॉस्टेलच्या वायफायवर (चालू असतं तेव्हा) मी हे सगळं शोधून वाचलं, तेव्हा हादरलो. पुणे सिटीत पैसा वाधवान समूहाचा होता. त्याच घराण्याच्या डीएचएफएल कंपनीनं जून 2019 मध्ये रोख्यांचं व्याज थकवलं आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळच बरखास्त केलं. त्या कंपनीत साध्या माणसांच्या ठेवी होत्या, त्यातल्या पुष्कळांना पूर्ण पैसे परत मिळाले नाहीत. पुण्यातलाच दुसरा क्लब डीएसके शिवाजियन्स. तो 2017 मध्ये आय-लीगमधून गेला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये ठेवीदारांच्या तक्रारींवरून डी. एस. कुलकर्णींना अटक झाली. म्हणजे बालेवाडीच्या गवताखाली कुठंतरी माझ्या आज्जीसारख्याच आज्ज्या होत्या की!

त्याच्या आधी पुणे एफसी आणि भारत एफसी, दोघंही 2015 ला बंद. त्यांच्या मागं मोठी घराणी होती, ती बुडाली नाहीत, त्यांनी फक्त हात काढून घेतला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचं 2010 ला तेच. पाच वर्षांत एका पुण्यातून चार व्यावसायिक क्लब गेले आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकाला शेवटी कळलं.

पार्टनर म्हणतो, "आमच्यात असलं चालत नाही." त्याच्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, सगळ्या तालमी-मंडळांच्या टीम. वर्गणी पेठेची. कोणी किती दिले, कुठला प्लेअर कुणी फोडला, यावर चौकात उघड भांडण होतं आणि शाहू स्टेडियमवर त्याच्यावरून घोषणा होतात. "आमच्यात अफवा नसते, थेट मारामारी असते," हे तो अभिमानानं सांगतो. मी हसतो, पण त्याच्या बोलण्यात दम आहे. बार्सिलोनात सभासद मत देऊन अध्यक्ष निवडतात, तिथंही कर्जाचा डोंगर झाला आणि 2021 मध्ये मेस्सी रडत गेला. पण निदान सभासदांना अध्यक्षाला जाब विचारता येतो. पुण्यात मी कुणाला विचारणार होतो? मालकाला? मी आठवीतला जतचा पोरगा.

आणि अफवांचं म्हणाल तर आम्ही जतकर त्यात पी.एचडी. आहोत. म्हैसाळचं पाणी "येत्या उन्हाळ्यात" येणार, हे ऐकत माझे वडील म्हातारे व्हायला आले. 2022 मध्ये तर आमच्या तालुक्यातली चाळीस गावं कर्नाटकात जाणार म्हणून टीव्हीवाले दारात आले होते. गावं काही हलली नाहीत. त्यामुळे कुठल्या कुजबुजीकडे लक्ष द्यायचं आणि कुठली सोडून द्यायची, हे मला अजून कळलेलं नाही. मला एकच सवय लागली आहे. साहेब काय म्हणतात यापेक्षा शिपाई काय करतो, ते मी बघतो. मागच्या वर्षी आपल्याकडे मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलणार अशी हवा होती, तेव्हा सगळे नोटीस बोर्ड वाचत होते. मी भांडी घासणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई रे बाळा, नवा कुकर आणलाय कालच." कॉन्ट्रॅक्टर बदलला नाही.

हैदराबादचं पुढं काय झालं, तेही सांगतो. पहिल्या वर्षी शेवटचा नंबर. मग 20 मार्च 2022 ला गोव्यात फायनल, पेनल्टीवर केरळला हरवून चॅम्पियन! गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीनं तीन पेनल्टी अडवल्या. त्या रात्री मी बारावीचा अभ्यास सोडून मोबाईलवर मॅच बघत होतो. आनंद व्हावा की राग यावा, कळेना. दोनच वर्षांत तिथंही पगार थकल्याच्या बातम्या, फिफाची बंदी, परदेशी खेळाडू निघून गेले आणि टीम पुन्हा तळाला. यावेळी मी पेपरवाल्यांवर चिडलो नाही.

परवा दिवाळीत घरी गेलो. जर्सी आता मला लहान होते. अण्णांनी ती जोंधळ्याच्या रानात बुजगावण्याला घातलीय. लांबून बघितलं तर कोणीतरी हात पसरून गोल झाल्यासारखा उभा आहे. आज्जी बांधावर बसली होती. शेजारी बसलो, तर तिनं नेहमीचंच विचारलं, "पतसंस्थेचं काय कळलं का रं?"

"न्हाई आज्जी."

"बरं. मोबाईलमधी बघत जा अधनंमधनं," ती म्हणाली, आणि पाखरं हाकलायला उठली.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल