घाटमाथ्यावरची अक्षरे



पैठणला ‘घाट’ म्हटले की गोदावरीच्या पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या डोळ्यांसमोर येतात. जुन्नरकडे हाच शब्द डोंगर ओलांडणाऱ्या वाटेसाठी वापरतात. दोन्ही पलीकडे नेणाऱ्या जागाच. आपले पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. येथला माल जुन्नरमार्गे नाणेघाट उतरून कल्याण, सोपारा या बंदरांकडे जाई. आजची वाहने माळशेज घाटाने जातात. नाणेघाटाची जुनी फरसबंद वाट मात्र पायीच चालावी लागते.

पावसाळा सरताना मी जुन्नरहून घाटघरमार्गे तेथे गेले. माथ्यावर गवत वाऱ्याने लवत होते. जवळच जीवधन किल्ला, समोर ‘नानाचा अंगठा’ हा कडा आणि त्याखाली धुक्याने भरलेले कोकण. वाटेलगत एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत आणि म्हणून हा नाणेघाट, असे सांगतात. अशी लोकव्युत्पत्ती आपण आवडीने ऐकावी, पण पुरावा म्हणून स्वीकारू नये.

खिंडीतून थोडे खाली उतरले की लेणे लागते. तेथे एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर कोरलेली नावे मात्र वाचता येतात. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची आकड्यांसह नोंद आहे. विधी वैदिक, पण नोंदीची भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत. राजघराण्याने आपले वैभव व्यापाऱ्यांच्या रहदारीच्या वाटेवर, लोकव्यवहाराला जवळच्या भाषेत कोरविले.

त्या भिंतीपुढे मला आपल्या संपर्कसत्रातील एक प्रश्न आठवला. दिवसभर शेतात राबून अभ्यासाला बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “मॅडम, आमचं बोलणं अशुद्ध. आम्ही बी.ए.चं मराठी कसं लिहावं?” प्राकृतालाही पुष्कळांनी संस्कृतचे बिघडलेले रूप मानले. तरीही आपल्या मराठीचा वारसा शोधताना आपण त्या प्राकृतापाशीच पोहोचतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनतेच्या चर्चेत या लेखाचा उल्लेख वारंवार होतो. प्रमाणभाषा आपण अवश्य शिकावी. ती पलीकडे नेणारा घाट आहे. पण जेथून आपण निघालो, ते गावही भाषेचेच असते.

म्हणून या घटकाचा स्वाध्याय लिहिताना आपल्या बोलीतील एखादा नेमका शब्द लेखणीवर आला, तर तो लगेच खोडू नका. त्याचा अर्थ लिहा, वापर लिहा, तो कोणाकडून ऐकला तेही लिहा. भाषेचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.